मार्चपासून नियोजित

हॅम्बर्ग, १३ मार्च

वल्लरी,

चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे आज काही लिहीत नाही. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा उमटवून गप्प बसतेस, म्हणून कागदावर लिहितेय. या देशात टपालपेटीला कुणी बगल देऊ शकत नाही. विमा कंपनीचं नाहीतर व्हिसा ऑफिसचं काही आलं असेल या धास्तीने तू पेटी उघडशीलच, तेव्हा हे हातात येईल.

आज गुरुवार होता. आपल्या घराजवळच्या आल्टेनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, फ्राऊ ल्युडर्स दुपारी निळं जाकीट घालून, केस विंचरून खुर्चीत बसल्या होत्या. गेल्या गुरुवारीही अशाच बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, आयुष्यभर शाळेत शिकवलं, नवरा बंदरात जहाजांचा पायलट होता तो कधीच गेला, मूलबाळ नाही. त्यांना सांगून ठेवलंय की मार्चपासून दर गुरुवारी फ्राऊ डॉक्टर सबनीस भेटायला येणार. फ्राऊ डॉक्टर सबनीस म्हणजे तू. मी नव्हे.

आठवत नसेल तर आठवण करून देते. जानेवारीत माझ्याच डायनिंग टेबलावर बसून तू हॉस्पिटलचा अर्ज भरत होतीस. असिस्टंट डॉक्टरची जागा, म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं शिक्षण, पगार आणि व्हिसा सगळं एकाच दोरीला बांधलेलं. लेबेन्सलाऊफमध्ये, म्हणजे बायोडेटात, सगळं भरून झालं आणि 'एहरेनआम्ट', म्हणजे विनामोबदला सेवा, तिथे येऊन तू अडकलीस. पुण्यात कॉलेजच्या रक्तदान शिबिरात बिस्किटं वाटली होतीस, तेवढंच. मग मला विचारलंस, "वहिनी, अजून सुरू न केलेलं काम लिहिलं तर चालतं का गं? मी तुझ्याबरोबर जाणारच आहे ना."

मी म्हटलं, चालतं. लपवाछपवी नको, 'मार्चपासून, नियोजित' असं स्पष्ट लिही, जागेचं नाव लिही. तुझ्या समोर मी फ्राऊ बेन्केला फोन लावला. ती तिथल्या सगळ्या स्वयंसेवकांचं बघते. तिने तिथल्या तिथे तुला गुरुवार दिला आणि ल्युडर्सबाई दिल्या. त्यात खोटं काही नव्हतं. पुढे करणार असं लिहिलेलं लगेच खोटं होत नाही, त्यासाठी मार्च उजाडावा लागतो.

तो उजाडलाय. इंटरव्ह्यूमध्ये तुझ्या शेफने, म्हणजे विभागप्रमुख डॉक्टरने, फक्त त्याच एका ओळीवर प्रश्न विचारले, हे तूच मला सांगितलंस, मी साबुदाणावडे तळत होते आणि तू स्वयंपाकघरात नाचत होतीस. म्हातारपणाच्या आजारांचा विभाग, त्याला असंच माणूस हवं होतं. काम सुरू झालं की तिथला दाखला आणून द्या, म्हणाला. जागा तुला मिळाली. एक मार्चला हजर झालीस, एल्ब नदीच्या पलीकडे खोली घेतलीस, आणि ल्युडर्सबाईंना विसरलीस.

आता पेच ऐक. एक विद्यार्थी गुरुवारी यायला तयार आहे, पण बेन्के म्हणते ल्युडर्सबाईंची जागा बेझेट्स्ट आहे, भरलेली आहे, डॉक्टर सबनीसांचं नाव आहे तिथे. एका जागेवर दोन माणसं ती लावत नाही. तुझं नाव काढ म्हणावं तर उद्या तुझ्या शेफला दाखला कुठून देणार? म्हणजे तू येत नाहीस आणि दुसऱ्याला येऊ देत नाहीस. दोनांतलं एक कर. ये, नाहीतर नाव काढते असं मला स्पष्ट कळव.

नीता


हॅम्बर्ग, ३० मार्च

वल्लरी,

आज पाडवा. गॅलरीत गुढी उभारली, वाऱ्याने दोनदा आडवी झाली. श्रीखंड केलंय, तुझ्या वाट्याचं काढून ठेवलेलं नाही.

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, तुझ्या दादाला. त्याला व्हॉइस मेसेज पाठवतेस आणि तो मला ऐकवतो, जणू मी शेजारच्या बिल्डिंगमधली आहे. "वहिनीला सांग, ड्युट्या फार आहेत, एप्रिलमध्ये बघू." तुझ्या आवाजामागे कुणीतरी हसलेलं ऐकू येतं. ड्युटीवर मजा असते वाटतं.

ड्युटी असते हे मला समजत नाही असं नाही. गुरुवारी जमत नसेल तर रविवार माग. बेन्केला दोन ओळींची मेल टाक. पण तुला ते करायचंच नाहीये, कारण तुझं काम झालंय. चौदा महिने आमच्या घरी राहिलीस, तुझी भाषेची परीक्षा पहिल्यांदा नापास झालीस तेव्हा आठवडाभर तू खोलीबाहेर आली नाहीस आणि मी दारात ताट ठेवत होते, ते सगळं ठीक, ते मी उकरून काढत नाही. पण जाताना बॅग उचलून जे बोललीस ते मी विसरलेली नाही. "वहिनी, तुला घरात दुसरं काही काम नाही, म्हणून तू तिथे जातेस. मला खरंच कामं आहेत."

असू दे. तू बोललीस, मी ऐकलं. तुझा दादा तेव्हा बूट घालत होता. त्याला बूट घालायला इतका वेळ लागलेला मी संसारात कधी बघितला नाही.

आता मी काय केलं ते सांगते. माझा वार मंगळवार, नऊ वर्षं मी मंगळवारी तिथल्या हॉलमध्ये चार-पाच जणींबरोबर पत्ते खेळते. गेल्या दोन गुरुवारी मी ल्युडर्सबाईंकडेही गेले. तुझ्या जागी. आपल्याकडे नाही का, लग्नाला घरातलं एक माणूस जाऊन अक्षता टाकून आलं की सगळ्या घराची हजेरी लागते. 'सबनीसांकडचं कोण आलंय?' एवढंच विचारतात. तसंच. दाराशी हजेरीचा कागद असतो त्यावर फक्त आडनाव लिहायचं असतं, मी 'सबनीस' लिहिलं. ते माझंही आडनाव आहे, तुझ्या घरानेच दिलेलं.

खोलीत शिरले तर बाई म्हणाल्या, "शेवटी आलात तर, फ्राऊ डॉक्टर. वेळ पाळायला तुमच्या देशात शिकवत नाहीत का?" मी सांगणारच होते, की मी ती नव्हे. तेवढ्यात कॉफीची गाडी आली, मग केकचं झालं, मग त्यांनी माझ्या जर्मनमधल्या चुका काढायला सुरुवात केली आणि ते राहूनच गेलं. पुढच्या वेळी सांगेन.

तुझ्यामुळे माझा गुरुवार गेला, एवढंच तुला कळावं म्हणून लिहिलं.

नीता


हॅम्बर्ग, २४ एप्रिल

वल्लरी,

तुझी मेल बघितली. "वहिनी, आठ मेला सुट्टी मिळतेय, मी नक्की येते, सॉरी फॉर एव्हरीथिंग." सॉरीसुद्धा इंग्लिशमध्ये, म्हणजे जिभेला त्रास नको.

आठ मेला येऊ नकोस. त्या दिवशी ल्युडर्सबाईंचे केस कापायला बाई येते आणि नंतर त्या दमतात. पंधरालाही नको, त्यांच्या भाचीने येणार म्हणून कळवलंय. तसं बघितलं तर आता तू आलीच पाहिजेस असं काही नाही. सुरुवातीला त्या बिचाऱ्या वाट बघत होत्या, आता त्यांची घडी बसली आहे. नवीन माणूस गेलं की त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, त्याचा त्यांना वैताग येतो.

बाई फटकळ आहेत. मी एक वाक्य बोलले की अर्धं दुरुस्त करून परत देतात. मागच्या आठवड्यात मी चिवडा नेला होता, तर म्हणाल्या, "हे खाताना आवाज होतो, म्हणून भारतात लोक इतके मोठ्याने बोलतात का?" आणि सगळा डबा संपवला. वर्तमानपत्रातलं राजकारण मला समजावून सांगतात आणि मग विचारतात, "आल्झो, फ्राऊ डॉक्टर, तुमचं मत?" माझं मत! सतरा वर्षांत या देशात हे मला कुणी विचारलेलं नाही. निधीच्या शाळेत 'निधीची आई', दादाच्या ऑफिसच्या पार्टीत 'पद्माकरची बायको, आणि तुम्ही घरीच असता?'

हे तुला सांगून काय उपयोग म्हणा. तू सबनीसांची हुशार मुलगी. चिंचवडला माझं दातांचं क्लिनिक होतं, हे तुझ्या आईला लग्नात चारचौघांत सांगायला आवडायचं, पण इकडे यायचं ठरल्यावर ती खुर्ची विकताना कुणाला काही वाटलं नाही. इथे येऊन मीही कागदपत्रं काढली होती. तेव्हा निधी पोटात होती. नंतर ती आजारी पडायची, मग दादाचा प्रोजेक्ट, मग तू. आमच्या घरातल्या लहान खोलीत बसून डॉक्टर व्हायचं ते एका माणसालाच जमलं, आणि त्या माणसाला मी वेळेवर चहा दिला.

तर येऊ नकोस. ड्युट्या कर, शीक, मोठी हो.

नीता

ता.क. त्या मला अजून फ्राऊ डॉक्टर म्हणतात. दात काढणारीही डॉक्टरच असते, चिंचवडला माझ्या पाटीवर लिहिलेलं होतं.


हॅम्बर्ग, १६ मे

वल्लरी,

तू म्हणतेस, शेफने दाखला मागितलाय, महिनाअखेरीपर्यंत हवाय, आणि तुला झोप लागत नाहीये. लागायला नकोच.

पण घाबरू नकोस, व्यवस्था झाली आहे. बेन्केकडे हजेरीचे कागद आहेत आणि त्यांवर दर गुरुवारी 'सबनीस' आहे. तिने तुला कधी पाहिलेलं नाही, मला मंगळवारची नीता म्हणून ओळखते, आणि गुरुवारी ती दुसऱ्या मजल्यावर असते. ती आपणहून म्हणाली, "डॉक्टर सबनीस किती नियमित आहेत, मी लगेच दाखला तयार करते, तुम्ही नातेवाईक आहात तर सही करून घेऊन जा." मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही.

घरी विषय निघाला. दादा म्हणाला, "अगं, यात काय एवढं? घरचंच माणूस गेलं होतं ना? तू काय, ती काय, सबनीसच." त्याच्या लेखी प्रश्न मिटला, तो फुटबॉल बघायला गेला. निधी सोफ्यावर होती, तिने मोबाइलमधून डोकं वर न काढता जर्मनमध्ये विचारलं, "पण आत्या तर एकदाही गेली नाही ना?" मी तिला मराठीत बोल म्हणून ओरडले.

तर दाखला मिळेल. माझी अट एकच, तू तिकडे फिरकायचं नाही. दोन सबनीस एकदम उभ्या राहिल्या तर बेन्केच्या लक्षात येईल, तुझी नोकरी प्रोबेत्साइटमध्ये आहे, सहा महिन्यांच्या आत ते कारण न देता काढू शकतात आणि नोकरी गेली की व्हिसा. हे सगळं मी तुझ्यासाठी करतेय. लक्षात ठेव.

बाई बऱ्या आहेत. जरा थकल्यासारख्या वाटतात. गेल्या गुरुवारी दार लावून घ्या म्हणाल्या आणि जाड मोजे काढून मला पाय दाखवले. घोट्याच्या वर सुजलेत, मोज्याच्या रबराचा खड्डा पडला होता. तिथल्या नर्सना दाखवलं नाही, कारण त्या लगेच आरडाओरडा करतात आणि हॉस्पिटलात पाठवतात, आणि या वयात हॉस्पिटलात गेलेलं माणूस परत येत नाही असं त्यांचं म्हणणं. "माझी डॉक्टर दर आठवड्याला येते, ती बघेल," असं त्यांनी नर्सला सांगितलंय म्हणे. मी म्हटलं, पाय उशीवर घ्या, मीठ कमी करा, दिवसभर खुर्चीत बसू नका. रात्रीसुद्धा त्या खुर्चीतच झोपतात, हट्टी आहेत. पुढच्या गुरुवारी बघते.

म्हाताऱ्या माणसांचे पाय सुजतातच. माझ्या आजीचे सुजायचे.

नीता


हॅम्बर्ग, ६ जून

वल्लरी,

तुला येऊ नको म्हटलं होतं.

स्पष्ट, दोन पत्रांत, मराठीत लिहिलं होतं. तरी काल तू न कळवता गेलीस. माझ्या आधी अर्धा तास. कुठल्या तत्त्वासाठी? दादाला सांगितलंस म्हणे, "खोटा दाखला नको, निदान एकदा तरी जाऊन येते, मग जे खरं ते शेफला सांगेन." तुला सद्‌बुद्धी सुचायला जून उजाडला आणि तीही नेमकी माझ्या गुरुवारी.

मी शंकरपाळे घेऊन जिना चढत होते. वरून स्ट्रेचर खाली येत होतं. त्यावर ल्युडर्सबाई, तोंडावर ऑक्सिजन, निळं जाकीट अंगावर नुसतं टाकलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. मला वाटलं मला बोलावतायत, म्हणून मी पुढे झाले, तर त्या मागे बोट दाखवत होत्या, तुझ्याकडे. तू त्यांच्या मागून उतरत होतीस, गळ्यात स्टेथोस्कोप. सुट्टीच्या दिवशी स्टेथोस्कोप घेऊन फिरतेस?

मग तू ते केलंस जे मी कधी माफ करणार नाही. बेन्के उभी, दोन नर्स उभ्या, स्ट्रेचरवाले उभे, आणि तू मोठ्याने विचारलंस, तेही जर्मनमध्ये, सगळ्यांना कळेल असं, "यांना पाय वर घेऊन बसा असं कुणी सांगितलं? हृदय बंद पडत आलंय, फुप्फुसात पाणी आहे. आडवं झालं की दम लागतो म्हणून त्या खुर्चीत झोपत होत्या. किती आठवडे? कुणी बघितलं यांना?"

एक नर्स म्हणाली, "त्यांच्या डॉक्टर बघत होत्या. फ्राऊ डॉक्टर सबनीस." तू म्हणालीस, "मी आज पहिल्यांदा आले." आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात शंकरपाळ्यांचा डबा.

तू तेव्हा मराठीत काही बोलली असतीस तर? नुसतं "वहिनी" म्हणून मला बाजूला घेतलं असतंस तर? पण तू ओळख न दाखवता जिना उतरून गेलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसलीस.

बेन्केने मला तिच्या खोलीत नेलं. ओरडली नाही. इथले लोक ओरडत नाहीत, तेच वाईट. सगळ्या गुरुवारच्या सह्या माझ्यासमोर ठेवल्या आणि विचारलं, "या तुमच्या?" मी घरच्या माणसाचं, लग्नाचं, हजेरीचं समजावून सांगायला लागले. जर्मनमध्ये ते इतकं वेडगळ वाटत होतं की मी अर्ध्यात थांबले. म्हटलं, माझ्या. ती म्हणाली, "फ्राऊ सबनीस, तुम्ही नणंदेच्या, बहिणीच्या, कुणाच्याही वतीने कॉफी प्यायला येऊ शकत होतात. मला फक्त सांगायचं होतं." मंगळवारीही तूर्तास येऊ नका म्हणाली.

नऊ वर्षं. तुला कल्पना आहे का? नसेलच. तुला खरंच कामं आहेत.

नीता


हॅम्बर्ग, १९ जून

वल्लरी,

हे शेवटचं. उत्तर नको.

दादाने काल सांगितलं, की तू सहा तारखेलाच शेफकडे गेलीस आणि सगळं सांगितलंस. "अर्जात नियोजित लिहिलं होतं, ते काम मी केलेलं नाही, माझ्या जागी वहिनी जात होती, मला माहीत होतं आणि मी गप्प होते." तो चिडला म्हणे, वीस मिनिटं बोलला, पण ठेवून घेतलं तुला. "आता गुरुवारी दुपारी तुम्ही ड्युटीवर नसाल, तिथे असाल," एवढंच म्हणाला. म्हणजे तुझी जागा वाचली. ज्या दाखल्यावरून मी तीन महिने तुला टांगून ठेवलं होतं, तो शेवटी कुणाला नकोच होता. दादा हे सांगताना हसत होता, जणू सगळं छान झालं. मी भांडी घासत राहिले.

आता ल्युडर्सबाई. मंगळवारी मी हॉस्पिटलात गेले. तुला माहीत नाही, दादालाही नाही. सूज उतरली आहे, नाकात नळी आहे, पण बोलतात. खोलीत दुसरी कुणी नव्हती. मी ठरवून गेले होते, वाक्य घरी पाठ केलं होतं, कारण चूक झाली असती तर त्यांनी मध्येच दुरुस्त केलं असतं आणि मग मला ते पुन्हा म्हणता आलं नसतं.

म्हटलं, "फ्राऊ ल्युडर्स, मी तुमची डॉक्टर नाही. मी दातांची डॉक्टर होते, फार वर्षांपूर्वी, भारतात. इथे मी कुणीच नाही. ज्या यायच्या होत्या त्या माझ्या नणंदबाई."

मला वाटलं, म्हणतील की ठीक आहे, आपण चांगल्या गप्पा मारल्या, तेवढं पुरे. सिनेमात म्हणतात तसं. मी त्याचीच वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. चिवडा आवडायचा त्यांना, माझं मत विचारायच्या.

त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानंतर मी कुणासमोर मोजे काढले नव्हते. नर्सनासुद्धा आंघोळ घालताना सांगायचे, ते मी करीन. तुम्ही डॉक्टर म्हणून मी काढले. मग तुम्ही मला का काढू दिलेत?"

मी उभी होते. आवाज चढवला नव्हता त्यांनी, वर्गात मुलाला विचारतात तसं विचारलं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या थांबणार होत्या. शेवटी त्यांनीच मान वळवून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा आता. आणि त्या दुसरीला सांगा, तिचं जर्मन तुमच्यापेक्षा वाईट आहे, पण आली तर चालेल."

सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या आल्टेनहाइममध्ये परत येतायत, पहिल्या मजल्यावर नवीन खोली दिली आहे, जिन्याच्या उजवीकडे.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. तुझी तर नाहीच. तू उशिरा आलीस आणि मी लवकर गेले, यात कोण चांगलं हे तुझ्या आईला ठरवू दे, ती तुझ्याच बाजूने ठरवेल.

आज गुरुवार आहे. बाहेर पाऊस आहे, निधी शाळेत, दादा ऑफिसला. दुपारी तीनला सवयीने मी बूट घातले, छत्री घेतली, दार उघडलं, आणि कुठे जायचं ते न सुचून दारातच उभी राहिले.

नीता